जुन्या पिकअपचा डिझेलचा काटा नाचूलालाय: मीटर बदलू का टाकी उघडू?

मंद्रूपकर
नमस्कार मंडळी. माझ्याकडं २००९ची डिझेल पिकअप आहे, वडलांनी घेतलेली. कांद्याच्या दिवसांत मंद्रूप ते सोलापूर मार्केट यार्ड, बाकी वर्षभर खत, पेंड, कधी लग्नाचं सामान. इंजिन अजून एका हाकेत उठतं. दुखणं आहे ते फक्त डिझेलच्या काट्याचं.

टाकी फुल केली की काटा बरोबर वर जातो. पाऊण टाकीपर्यंत नीट उतरतो. अर्ध्याच्या आसपास आला की खेळ सुरू. गाडी खड्ड्यात आदळली की काटा झटकन शून्यावर, दोन सेकंदांत परत अर्ध्यावर. आणि दुसरं म्हणजे रात्री हेडलाइट लावले की काटा एक घर खाली येतो, बंद केले की परत वर.

गेल्या मंगळवारी पहाटे चाळीस पिशव्या कांदा भरून निघालो. काटा शून्यावर होता. पण तो रोजच शून्यावर जाऊन येतो, म्हणून मी लक्षच दिलं नाही. वडकबाळचा पूल ओलांडला आणि गाडी बंद. टाकी खरंच कोरडी होती. कॅन घेऊन पंप गाठला, डिझेल आणलं, पाइपातली एअर काढली, यार्डात पोचेपर्यंत आमच्या अडत्याकडचे सौदे उरकले होते. दुसऱ्या दिवशी भाव उतरला. वडील काही बोलले नाहीत, पण तेच जास्त लागलं.

एका गॅरेजवाल्यानं सांगितलं, अख्खा मीटर बदला, जुना मिळेल, साडेसहा हजार. दुसरा म्हणाला टाकी उतरवावी लागेल. मल्टीमीटर घरात आहे, मोटारीच्या स्टार्टरसाठी घेतलेला, थोडाफार वापरता येतो. आधी कशाला हात घालू?

हलगीवाला
काटा अर्ध्यावर आला की नाचतो म्हणजे त्याला गड्ड्याच्या जत्रेची ओढ लागली असंल. संक्रांत जवळ आली की ओ.
उपाय जाणकार सांगतीलच, मी धागा धरून बसलोय. माझ्या पण टेम्पोचं असंच हाय.

बाळे_नाका
काट्याकडं बघायचंच कशाला? मी अकरा वर्षं काट्याशिवाय गाडी चालवतोय. टाकी फुल करायची, ट्रिप मीटर शून्य करायचा. माझी गाडी लोडला ११ चं ॲव्हरेज देते. ४०० किलोमीटर झाले की पंपावर. एकदाही बंद पडली नाही. साडेसहा हजार वाचवा आणि त्याचं डिझेल टाका.

भाकरी_चटणी
@बाळे_नाका दादा, तुमचा हिशोब तुमच्या एकट्याच्या हातातल्या गाडीला ठीक आहे. आमच्याकडं गाडी तिघं चालवतात. कोण ट्रिप मीटर शून्य करतो, कोण विसरतो. कधी कडक भाकरीची हलकी खोकी, कधी शेंगदाण्याची पोती. ॲव्हरेज एकसारखं कुठून येणार?

आणखी एक. मागच्या वर्षी आमच्या गाडीचा डिझेलचा परतीचा पाइप चिरला होता. रात्री काटा पाऊण होता, सकाळी अर्ध्याच्या खाली. खाली बघितलं तर मातीत डाग. काटा नीट होता म्हणून कळलं. किलोमीटर मोजून गळती कळत नाही, कुणी रात्री टाकीतून डिझेल काढलं तरी कळत नाही. काटा दुरुस्तच करून घ्या.

बाळे_नाका
ताई, गळतीचा मुद्दा बरोबर आहे. तो माझ्या ध्यानात नव्हता.

जुना_वायरमन
मंद्रूपकर, मीटरला अजून हात लावू नका आणि टाकी पण उतरवू नका. ३० वर्षं गाड्यांच्या वायरिंगचं काम केलंय. तुम्ही सांगितलेल्या खुणांवरून मला दोन वेगवेगळे रोग दिसतात. पण आधी तीन गोष्टी बघून सांगा.

पहिली, डिझेलचा काटा हलतो तेव्हा पाण्याच्या टेंपरेचरचा काटा पण हलतो का?
दुसरी, रात्री लाइट लावून ब्रेक दाबा. काटा आणखी खाली येतो का? मग इंडिकेटर लावून बघा.
तिसरी, चावी लावल्यावर काटा एकदम वर उडतो, का हळूहळू दहा-पंधरा सेकंद घेत चढतो?

एक पैसा लागत नाही. एवढं बघा, मग बोलू.

चादरवाला
वायरमन मामा आले म्हणजे धागा मार्गी लागणार.

मंद्रूपकर
मामा, आत्ताच अंगणात गाडी लावून बघितलं.
पाण्याचा काटा जागचा हलत नाही.
लाइट लावून ब्रेक दाबला तर डिझेलचा काटा अजून दोन घरं खाली. सोडला की वर.
इंडिकेटर लावला आणि मी बघतच राहिलो. इंडिकेटरच्या टिकटिकीबरोबर काटा खालीवर, खालीवर!
चावी लावल्यावर एकदम उडतो, सेकंदभरात जागेवर.

हलगीवाला
ऐका, हलगी वाजूलाली!

जुना_वायरमन
हेच पाहिजे होतं. मंद्रूपकर, तुमचा एक रोग सापडला. अर्थ गेलाय, म्हणजे करंट चेसीतून बॅटरीला परत जायची जोडणी, आणि तो मागचा अर्थ गेलाय.

सगळ्यांसाठी नीट लिहितो, कारण हलगीवाल्याच्या टेम्पोचं पण हेच निघेल.

टाकीच्या आत एक फ्लोट असतो, दांडीला लावलेला. डिझेल उतरलं की फ्लोट उतरतो. दांडीच्या दुसऱ्या टोकाला एक पत्र्याची जीभ असते, ती रेझिस्टन्सच्या पट्टीवरून सरकते. मीटरकडून एक वायर तिथं येते, करंट त्या पट्टीतून जाऊन अर्थला मिळतो. पट्टीचा रेझिस्टन्स किती, त्यावर काटा कुठं थांबायचं ते ठरतं. बास, एवढंच यंत्र आहे.

आता मेख अशी की या युनिटचा अर्थ पुष्कळ जुन्या गाड्यांत मागच्या दिव्यांच्या अर्थबरोबरच चेसीला एका बोल्टवर बांधलेला असतो. बोल्ट गंजला, सैल झाला, तर मागच्या दिव्यांचा करंट तिथं अडतो. नाल्याला कचरा अडकला की पाणी मागं चढतं तसं. मीटरला वाटतं रेझिस्टन्स वाढला. तुमच्या गाडीत रेझिस्टन्स जास्त म्हणजे टाकी रिकामी असा हिशोब असणार, म्हणून काटा खाली येतो. हेडलाइटचा यात काही दोष नाही. हेडलाइटबरोबर मागचे टेल लॅम्प लागतात, त्यांचं हे काम.

तपास असा करा. मल्टीमीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हच्या शिशाच्या टोकावर, वायरवर नाही. लाल पिन टाकीवरच्या युनिटच्या अर्थ वायरवर. वायर पुरली नाही तर लांब वायर जोडून घ्या. लाइट बंद असताना आकडा बघा, मग कुणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. चांगल्या अर्थला ०.१ व्होल्टच्या आतबाहेर राहतो. तुमचा एकच्या वर जाईल असं मला वाटतं.

पुण्यातला_सोलापूरकर
मामांनी नाल्याचं उदाहरण दिलं, मी त्याचे आकडे मांडतो. मी गाड्यांच्या मीटरवरच काम करतो.

ब्रेकचा एक बल्ब २१ वॅटचा. दोन मिळून ४२ वॅट, १२ व्होल्टला साडेतीन अँपिअर. अर्थच्या बोल्टवर गंजामुळं फक्त ०.४ ओहम रेझिस्टन्स आला तरी ३.५ गुणिले ०.४ म्हणजे १.४ व्होल्ट तिथं साचतात. टेल लॅम्प ५-५ वॅटचे, म्हणून लाइट लावल्यावर काटा थोडाच खाली येतो आणि ब्रेकला जास्त. मंद्रूपकरांनी बघितलं ते अगदी या हिशोबातच बसतं.

मामांनी तिसरा प्रश्न का विचारला तेही सांगतो. काही जुन्या मीटरमध्ये दोन धातूंची पट्टी असते, बायमेटल. करंटनं पट्टी तापते, वाकते, काटा हलतो. तापायला वेळ लागतो म्हणून तो काटा सावकाश चढतो. तसल्या मीटरला साधारण १० व्होल्टचा स्थिर पुरवठा देणारा एक छोटा स्टॅबिलायझर असतो, आणि पाण्याचा काटाही त्यावरच चालतो. तो बिघडला तर दोन्ही काटे एकदम चुकतात. मंद्रूपकरांचा काटा एकदम उडतो, म्हणजे कॉइल आणि चुंबकाचा मीटर. पाण्याचा काटा शांत आहे, म्हणजे मीटरचा पुरवठाही ठीक. साडेसहा हजारांचं मीटर बदललं असतं तर नवीन मीटरमध्येही काटा इंडिकेटरच्या तालावर नाचला असता.

आणि जुना मीटर बसवला की किलोमीटरचं रीडिंग बदलतं. उद्या गाडी विकताना समोरचा माणूस विचारतो, त्याला उत्तर देत बसावं लागतं.

द्राक्षबाग_बोरामणी
थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या गाडीत सगळ्यांनी अर्थ-अर्थ म्हणून तीन रविवार घालवले. शेवटी मीटरच्या मागं जी तांब्याच्या रेघांची पातळ फिल्म असते, तीच कपलरजवळ, म्हणजे वायरी जोडायच्या खटक्याजवळ चिरलेली निघाली. डॅशबोर्डवर हात आपटला की काटा हलायचा. त्यामुळं मीटर कधीच दोषी नसतो असं कुणी म्हणू नये.

जुना_वायरमन
बरोबर आहे तुमचं. पण तुमच्या गाडीत आणखी काय बिघडलं होतं आठवतंय का? चार्जिंगचा दिवा, पाण्याचा काटा?

द्राक्षबाग_बोरामणी
हो, पाण्याचा काटा पण मधूनच पडायचा. आणि मीटरचा आतला लाइट लुकलुकायचा.

जुना_वायरमन
तेच. फिल्म चिरली की शेजारच्या दोन-तीन गोष्टी बरोबर घेऊन जाते. एकटा डिझेलचा काटा बिघडला तर मी मागून पुढं येतो. दोन काटे बिघडले तर पुढून मागं जातो.

घाटातला
तुळजापूरला घाट चढताना माझा काटा पण खाली येतो, वर गेलं की परत ठिकाणावर. हा पण अर्थ?

पुण्यातला_सोलापूरकर
नाही. चढावर डिझेल टाकीत मागं सरकतं, फ्लोट ज्या टोकाला आहे तिथली पातळी बदलते. सपाटीला आल्यावर काटा जागेवर येत असेल तर काही करू नका.

चादरवाला
मंद्रूपकर, मामांच्या तपासाच्या जोडीला हा पण करा. चावी लावा, टाकीवरचा कपलर काढा. काटा एका टोकाला गेला पाहिजे. मग कपलरमधली मीटरकडून आलेली वायर एका तुकड्यानं चेसीला टेकवा, दोन-तीन सेकंदच. काटा दुसऱ्या टोकाला गेला पाहिजे. दोन्ही टोकांना गेला तर मीटर आणि पुढची वायर दोन्ही चांगल्या. मी हे टेकवून चहाला गेलो होतो एकदा, परत आलो तर काटा कायमचा झोपलेला. म्हणून सेकंद मोजा. आणि आधी कोणती वायर मीटरची, कोणती अर्थची, हे नीट बघून घ्या. इंजेक्शनच्या नवीन गाड्यांवर हा प्रयोग करू नका, तिथं तारांचा मामला वेगळा असतो.

भाकरी_चटणी
विषय थोडा सोडून विचारते. मंद्रूपकर, टाकी कोरडी पडल्यावर तुम्ही एअर कशी काढली? आमच्या पोरानं स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरवली होती. शेवटी मिस्त्रीला बोलवावं लागलं.

मंद्रूपकर
ताई, जुन्या पंपाची गाडी असेल तर सोपं आहे. डिझेल फिल्टरवर हातानं दाबायचा पंप असतो, आणि तिथंच एक छोटा बोल्ट. निदान पाच-सात लिटर डिझेल टाकायचं. बोल्ट दोन आटे सैल करायचा आणि हातपंप मारत राहायचं. आधी फेस येतो, बुडबुडे येतात, मग सलग डिझेल यायला लागतं. ते येत असतानाच बोल्ट आवळायचा. मग हातपंप कडक होईपर्यंत मारायचा आणि स्टार्टर द्यायचा. एका वेळी दहा-पंधरा सेकंदांपेक्षा जास्त स्टार्टर नको, मधे थांबायचं. वडलांनी मी शाळेत असताना शिकवलेलं. त्या दिवशी पुलाजवळ अंधारात मोबाइलच्या उजेडात केलं.

पुण्यातला_सोलापूरकर
ताई, तुमची गाडी कॉमन रेलची, म्हणजे फार जास्त दाबानं इंजेक्टरला डिझेल देणाऱ्या नव्या पद्धतीची असेल तर टाकी कोरडी पडूच देऊ नका. तिथल्या हाय प्रेशर पंपाला वंगण डिझेलचंच मिळतं. कोरडा फिरला तर आतले भाग घासतात, त्याचा चुरा पुढं इंजेक्टरमध्ये जातो. तो खर्च काट्याच्या खर्चापेक्षा फार मोठा आहे. तुमची पहिली पोस्ट, काटा दुरुस्तच करा, ती या कारणानं आणखी खरी.

भाकरी_चटणी
कॉमन रेलचीच आहे. आजच तिघांना सांगते, पाव टाकीच्या खाली गाडी आणायचीच नाही.

हलगीवाला
ताई, माहिती देणाऱ्याला शेंगाची चटणी आहे का काही?

भाकरी_चटणी
सोलापुरात येणाऱ्याला आहे. पुण्याला पाठवायची तर तेल गळतं.

मंद्रूपकर
रविवारचा अहवाल.

चादरवाल्यांचा तपास आधी केला. कपलर काढला, काटा शून्यावर. वायर चेसीला टेकवली, काटा फुलच्या वर. म्हणजे मीटर चांगला.

मग मामांचा. दिवे बंद, ०.१२ व्होल्ट. ब्रेक दाबला, १.४ व्होल्ट! पुण्यातल्या दादांनी कागदावर जो आकडा काढला तोच मल्टीमीटरवर. मी पुतण्याला तीनदा ब्रेक दाबायला लावला, खात्री होईना म्हणून.

बोल्ट शोधायला दीड तास लागला. २०१६ला आम्ही हौदा नवीन करून घेतला होता, तेव्हा चेसीला पण काळा रंग मारला. अर्थचं थिंबल, म्हणजे वायरच्या टोकाची कडी, खोलून परत बसवलं ते रंगाच्या वरूनच. नऊ वर्षं तो बोल्ट फक्त आट्यांच्या आधारानं अर्थ देत होता, तेही चिखलात आणि कांद्याच्या ओलीत. खोलला तर थिंबल हिरवं पडून हातात मोडलं.

वायर ब्रशनं चेसी चकाकेपर्यंत घासली, नवीन थिंबल दाबून बसवलं, दाते असलेला वॉशर टाकला, आवळला आणि वरून ग्रीस लावलं. आता ब्रेक दाबला की ०.०४. लाइट लावा, ब्रेक दाबा, इंडिकेटर मारा, काटा ढिम्म. मागचे दिवेसुद्धा आधीपेक्षा जास्त उजेड देतात, ते तर माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

खर्च म्हणाल तर थिंबल आणि वॉशरचे २० रुपये.

पण मामा, तुम्ही दोन रोग म्हणाला होता ते खरं निघालं. संध्याकाळी टाकी अर्ध्यावर होती, हत्तूरपर्यंत जाऊन आलो. खड्डा आला की काटा अजून शून्यावर पडतो आणि परत येतो.

जुना_वायरमन
शाब्बास. नीट काम केलंत. ग्रीस आवळल्यावर लावलं हे फार बरं केलं. काही पोरं आधी ग्रीस थापतात आणि मग थिंबल ठेवतात.

हौद्याचं ऐकून एक सांगतो, कारण सोलापुरात हौदा बनवून घेणारे पुष्कळ आहेत. हौद्याचं वेल्डिंग गाडीवर बसवून करायचं असेल तर आधी बॅटरीची निगेटिव्ह काढा आणि वेल्डिंगचा अर्थ जिथं जोड मारायचा तिथंच जवळ पकडा. अर्थ लांब लावला तर वेल्डिंगचा करंट मिळेल त्या वायरीतून वाट काढतो. जळलेली अर्थ वायर मी यामुळंच किती बघितल्यात.

आता दुसरा रोग. कपलर काढल्यावर काटा शून्यावर गेला ना? मग खड्ड्यात शून्यावर जातो म्हणजे त्या क्षणी वायर तुटल्यासारखी होते. अर्ध्यालाच होते, फुलला होत नाही. म्हणजे पट्टीवर त्या ठिकाणी जीभ नीट टेकत नाही. गाडी सगळ्यात जास्त अर्धी ते पाव टाकीत फिरते, पट्टी पण तिथंच झिजते. युनिट बाहेर काढावं लागेल. तुमच्या गाडीत टाकी चेसीच्या बाजूला आहे का हौद्याच्या खाली?

मंद्रूपकर
बाजूला आहे. वरून युनिटची गोल प्लेट दिसते, पाच स्क्रू. हात जातो.

जुना_वायरमन
मग टाकी उतरवायची गरज नाही. डिझेल पाव टाकीपर्यंत उतरू द्या. बॅटरीची निगेटिव्ह काढा. प्लेटभोवतीची माती ब्रशनं आणि हवेनं आधी साफ करा, नाहीतर सगळी टाकीत जाईल आणि पुढं फिल्टरला भोवेल. प्लेटवर पेनानं खूण करा, कोणती बाजू पुढं होती. उलटी बसली तर दांडी टाकीतल्या आडव्या पत्र्याला अडते आणि काटा अर्ध्यालाच बसून राहतो.

युनिट बाहेर काढलं की मल्टीमीटर ओहमवर लावा आणि दांडी सावकाश वरून खाली न्या. आकडा पायरीपायरीनं बदलला पाहिजे. मधेच गायब झाला की ती जागा. फ्लोट कानाशी हलवून बघा, आत डिझेल खळखळलं तर तो पण गेला.

बाळे_नाका
आणि सिगरेट बाजूला ठेवा. तसं डिझेल काडीनं पेटत नाही म्हणा. पेट्रोलसारखं नाही ते.

पुण्यातला_सोलापूरकर
@बाळे_नाका दादा, हे वाक्य मी फार गॅरेजांत ऐकलंय आणि दर वेळी काळजी वाटते. आपल्याकडच्या डिझेलच्या मानकात फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे तेवढ्या तापमानाच्या वर त्याची वाफ ठिणगीनं पेट घेऊ शकते. आत्ता डिसेंबर आहे, सकाळी गारवा आहे. पण सोलापुरात एप्रिल-मे महिन्यात सावलीतला पारा ४० च्या वर असतो आणि उन्हातल्या टाकीचा पत्रा हात लावू देत नाही. तेव्हा डिझेलची टाकी म्हणजे काही होत नाही असं कुणी समजू नये. आणि भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी टाकी जास्त घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही असतात. रिकाम्या टाकीला वेल्डिंग करताना माणसं गेली आहेत.

बाळे_नाका
३५? मला वाटायचं शंभरच्या आसपास असेल. मी उन्हाळ्यात टाकीजवळ बिनधास्त ग्राइंडर चालवलाय. बरं झालं सांगितलंत. पोराला पण सांगतो.

बार्शी_लाईट
मी या धाग्यावर उशिरा आलो. मंद्रूपकर, युनिट काढलंत तर फेकू नका. आमच्या मिस्त्रीनं माझ्या युनिटची जीभ नाकाच्या पक्कडीनं केसभर बाजूला वाकवली. जुनी चाकोरी सोडून ती पट्टीच्या कोऱ्या भागावरून जायला लागली. दोन वर्षं झाली, काटा सुरळीत आहे. नवीन युनिटचे पैसे वाचले.

जुना_वायरमन
पट्टी तारेच्या वेटोळ्यांची असेल तर हे चालतं, मी पण केलंय. पण सिरॅमिकवर छापलेली असेल तर झिजलेली रेघ आरपार तुटलेली असते, जीभ कुठंही न्या. आणि वाकवताना मोडली तर खेळ संपला. आधी बघा, मग ठरवा. रेघेवर पॉलिश पेपर मात्र घासू नका, उरलेला थर पण जाईल.

मंद्रूपकर
दुसरा अहवाल. उशीर झाला, कांद्याची काढणी चालू होती.

युनिट काढलं. दांडी फुलवर ठेवली तेव्हा ८ ओहम, रिकामीला १०५. वरून खाली नेताना ८, १५, २४, ३३, ४१, आणि मग काहीच नाही, आकडा गायब, जरा पुढं नेलं की एकदम ५८. टॉर्च मारून बघितलं तर पट्टीवर तिथं खरंच पांढरी रेघ, खालचं सिरॅमिक उघडं पडलेलं. छापलेलीच पट्टी होती, म्हणून बार्शीवाल्यांचा उपाय करता आला नाही. फ्लोट चांगला होता.

नवीन युनिट ९५० रुपयांना मिळालं. दुकानात दुसऱ्या कंपनीचं ४०० ला होतं, पण दुकानातच मल्टीमीटर लावून बघितला तर त्याचं गणित उलटं, दांडी वर गेली की ओहम वाढत होते. ते बसवलं असतं तर टाकी भरल्यावर काटा शून्य दाखवला असता. दुकानदार म्हणाला सगळी सारखीच असतात. मल्टीमीटर खिशात नसता तर मी तेच घेऊन आलो असतो.

पुण्यातला_सोलापूरकर
हे करून फार मोठी चूक टाळलीत. अमेरिकी पद्धतीची युनिटं रिकामीला २४० आणि भरल्यावर ३३ ओहम दाखवतात, युरोपी पद्धतीची पुष्कळशी रिकामीला १० आणि भरल्यावर १८०. आपल्याकडं दोन्हीकडून आलेल्या गाड्या आहेत, वर प्रत्येक कंपनीचं स्वतःचं. जुनं युनिट खिशात घालून, ओहम मोजूनच नवीन घ्यायचं.

मंद्रूपकर
बसवताना जुनं पॅकिंग ठेवणार होतो, चपटं पडलं होतं. नवीन रबर घेतलं, डिझेल खात नाही तसलं. टाकी फुल केली तरी प्लेट कोरडी आहे.

मग एक काम जास्तीचं केलं. टाकी जवळजवळ रिकामीच होती, तर कॅननं पाच-पाच लिटर टाकत गेलो आणि दर वेळी काटा कुठं आला ते वहीत लिहिलं. टाकी ६० लिटरची. काटा पावावर असताना आत १५ नाही, १९ लिटर असतात. अर्ध्याला ३१. लाल रेघेला लागला की ७ उरतात. लोडला १२ चं ॲव्हरेज धरलं तर ८० किलोमीटर होतात, पण मी ५० च धरणार. तो कागद सन व्हायझरला चिकटवलाय.

काल रात्री कांदा घेऊन आलो. वडील शेजारी बसले होते. वडकबाळच्या पुलावर त्यांनी काट्याकडं बघितलं, मग त्या कागदाकडं. म्हणाले, ‘ही वही मी गाडी घेतली तेव्हाच करायला पाहिजे होती.’

मामा, पुण्यातले दादा, चादरवाले, बार्शीवाले, ताई, सगळ्यांचे आभार. साडेसहा हजारांच्या जागी ९७० रुपये आणि पॅकिंगचे वेगळे.

हलगीवाला
मी पण इंडिकेटर लावून बघितला. माझा काटा पण तालावर! रविवारी खाली झोपतोय गाडीच्या.

भाकरी_चटणी
मामा, आमच्या गाडीचा काटा ठीक आहे पण रिझर्व्हचा पिवळा दिवा कधीच लागत नाही. तो काट्यावरच चालतो ना?

जुना_वायरमन
पुष्कळ जुन्या गाड्यांत वेगळा. युनिटमध्येच त्याचा स्वतंत्र संपर्क असतो आणि कपलरमध्ये वेगळी वायर. तुमची कॉमन रेलची आहे, म्हणून वायर जोडून-तोडून तपास करायला जाऊ नका. चावी लावल्यावर बाकीच्या दिव्यांबरोबर तो क्षणभर लागतो का, एवढंच आधी बघा. लागत नसेल तर बहुधा बल्ब. लागत असेल तर मला गाडीचं साल सांगा, पुढचं सांगतो.

बाळे_नाका
मंद्रूपकर, तो अर्थचा बोल्ट नक्की कुठं सापडला? माझी पण त्याच सालाची आहे. अकरा वर्षांत काट्याकडं बघितलं नाही, आता बघावं म्हणतोय.

मंद्रूपकर
डाव्या बाजूला, टाकीच्या मागच्या पट्ट्यापासून वीतभर मागं, चेसीच्या आतल्या अंगाला. वरून दिसत नाही, हात घालून चाचपावं लागतं. दोन काळ्या वायरी एका थिंबलमध्ये आहेत. १० नंबरचा पाना लागतो. आधी ऑइल मारून रात्रभर ठेवा, माझा मोडता मोडता वाचला.